आधी पाठ बघा, मग चकाकी: जुन्या फर्निचरच्या दुकानात पहिल्यांदा जाताना

जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवऱ्याच्या रिलीफ रोडवरचं दुकान असो की भेंडीबाजाराजवळच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरचं, आतली मांडणी थोड्याफार फरकाने सारखीच. दर्शनी भागात पॉलिश मारून चकचकीत केलेले चार-सहा नग. त्यांच्यामागे एकमेकींत पाय अडकवून रचलेल्या खुर्च्या. त्यामागे दारं निखळलेली कपाटं, नुसते पाय, नुसते आरसे, आणि वर माळ्यावर काय आहे हे मालकालाही नीट आठवत नाही. नवखा माणूस पहिल्या रांगेतून खरेदी करतो आणि पॉलिशचे पैसे मोजतो. पॉलिशखाली किती पुट्टी भरली आहे, हे त्याला पहिल्या उन्हाळ्यात कळतं.

म्हणून दुकानात शिरताच विचारा, "बिनापॉलिशचा माल कुठे आहे?" या एका वाक्याने निम्मं काम होतं. धुळीतल्या नगाची चीर, कीड, सांधा सगळं उघड्यावर असतं आणि किंमतही कमी असते. पॉलिश नंतर तुमच्या पसंतीचं करून घेता येतं.

घरून निघताना

आवडलेलं कपाट दारातून आत न जाणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, आणि ती दुकानात नाही, घरी होते. मुख्य दाराची मोकळी रुंदी मोजा, म्हणजे चौकटीपासून उघडलेल्या फळीपर्यंत. ३६ इंची दाराला प्रत्यक्षात ३३-३४ इंचच मिळतात. जिन्याच्या वळणाची रुंदी, लिफ्टची खोली आणि लिफ्टच्या दाराची उंचीही टिपून घ्या.

उंच कपाट आडवं आत आणून उभं करावं लागतं, तेव्हा उंचीपेक्षा कर्ण महत्त्वाचा. ७८ इंच उंच आणि २२ इंच खोल कपाटाचा कर्ण ८१ इंच भरतो. खोलीत ७ फुटांवर, म्हणजे ८४ इंचांवर पोटमाळा असेल तर ते त्याखालीही उभं राहील. तेच कपाट ८४ बाय २४ असेल तर कर्ण ८७ इंचांवर जातो. ते माळ्याखाली उभं करताच येणार नाही, मोकळ्या छताखाली उभं करून सरकवावं म्हटलं तर माळ्याला घासेल.

पिशवीत हे ठेवा: ५ मीटरचा टेप, टॉर्च (मोबाइलचा उजेड कपाटाच्या तळाशी पुरत नाही), छोटं लोहचुंबक, दाभण, जुना दात घासायचा ब्रश, ओलं फडकं, जुनं एटीएम कार्ड आणि खडू. खडू कशाला ते पुढे येईल. कपडे जुने घाला. नव्या कपड्यांतला माणूस पाठीवर पडून टेबलाखाली शिरत नाही, आणि चांगल्या कपड्यांना भावही चांगलाच सांगितला जातो.

चोर बाजारातली नेहमीची दुकानं शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार लागतो, तो किरकोळ वस्तूंचा. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवार-रविवारचा. तिथे कपाटांपेक्षा पितळी कड्या, कुलपं, बिजागऱ्या, जुनी हत्यारं शोधायला जावं. घेतलेल्या नगाची एखादी मूठ हरवलेली असेल तर जोड तिथे मिळू शकते.

पहिली फेरी: हात न लावता

पहिली दहा-पंधरा मिनिटं फक्त फिरा. एका नगापुढे थबकून "अय्या, किती छान!" म्हटलंत की पुढची घासाघीस संपली. या फेरीत डोळ्यांनी तीन गोष्टी टिपायच्या: उभा नग एका बाजूला कललाय का, दारं आपोआप उघडतायत का, आणि तळाशी रंग बदललाय का.

तळाचं विशेष बघा. आपल्याकडे रोज फरशी ओल्या फडक्याने पुसतात. खुर्ची-टेबलाच्या पायाचा खालचा कापलेला टोकाचा भाग स्ट्रॉसारखं पाणी ओढतो, आणि तीस-चाळीस वर्षांत शेवटचे दोन-तीन इंच कुजतात. मग कुणीतरी चारही पाय कापून सरळ करतं. जेवणाच्या टेबलाची उंची साधारण २९-३० इंच आणि खुर्चीची बैठक १७-१८ इंच असते. बैठक १५ इंचांवर आली असेल तर ती बहुधा कापलेली खुर्ची. आरामखुर्ची म्हणून ठीक, जेवणाच्या टेबलापाशी तुमची हनुवटी ताटाजवळ येईल.

दुसरी फेरी: उलटा करून

मालकाला विचारून नग भिंतीपासून ओढा. जी बाजू भिंतीकडे होती, जी जमिनीकडे होती आणि जी कधी कुणाला दाखवायची नव्हती, तीच खरं बोलते. क्रम असा ठेवा.

१. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. बाजूच्या आणि दर्शनी फळीचा सांधा बघा. कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत बसवलेले असतील (सुतार त्याला डोव्हटेलच म्हणतात) तर काम मन लावून केलेलं आहे. दात किंचित लहानमोठे असतील तर हाताचे. अगदी एकसारखे असतील तर मशीनचे. फळ्या एकमेकींना नुसत्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतील तर तो साधा नग आहे, त्याच भावात घ्या. बाजूंच्या खालच्या कडा झिजून सुरीसारख्या झाल्या असतील तर घाबरू नका. सुतार तिथे नवी पट्टी डकवतो.

२. ड्रॉवरची आतली, खालची, मागची बाजू बिनपॉलिशची, करडी-तपकिरी आणि कोरडी हवी. तिथेही गडद रंगाचे ओघळ दिसले तर कुणीतरी नवं लाकूड "जुनं" केलंय.

३. मागची फळी बघा. प्लायवूड ठोकलेलं असेल तर एक तर नग त्या मानाने अलीकडचा आहे किंवा मूळ पाठ सडली होती. दुसरी शक्यता असेल तर शेजारच्या फळ्या दाभणाने टोचून बघा.

४. सांध्यात डोकवा. जुने सुतार सरस वापरत, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा डिंक. तो सुकून तपकिरी, काचेसारखा ठिसूळ दिसतो. फेविकॉल १९५९ मध्ये बाजारात आला. म्हणून "इंग्रजांच्या काळातला नग आहे, साहेब" असं सांगितलं जात असताना सांध्यातून पांढरट गोंद बाहेर आलेला दिसला, तर निदान तो सांधा तरी नंतरचा आहे. फुलीच्या खाचेचा स्क्रूही १९३० च्या दशकानंतरचाच. एका स्क्रूवरून निकाल देऊ नका, तो बदललेला असू शकतो. सगळेच तसे असतील तर द्या.

५. खुर्ची सपाट लादीवर ठेवा. दुकानाची जमीन सपाट असेलच असं नाही, म्हणून जागा बदलून दोनदा बघा. खुर्ची अख्खी डुगडुगते की सांधे हलतात, हे वेगळं ओळखायला हवं. अख्खी डुगडुगत असेल तर एक पाय आखूड आहे; दहा मिनिटांचं काम. पाठ धरून तिरकं दाबल्यावर पाय आणि बैठकीची पट्टी यांच्यात फट उघडमीट होत असेल तर सांधा सुटलाय. तोही दुरुस्त होतो: सांधा उघडायचा, कोमट पाण्याने जुना सरस धुऊन काढायचा, वाळवायचा, नवा गोंद लावून शिकंजात २४ तास दाबून ठेवायचा. जुन्या सरसावरच फेविकॉल ओतला तर तो धरत नाही. पुष्कळ दुरुस्त्या इथेच फसतात. सुटलेल्या सांध्यात कुणी खिळे मारले असतील तर मात्र विचार करा. खिळा गंजून फुगतो आणि लाकूड उकलतो. असा सांधा उघडताना कूसच (खाचेत बसवलेलं लाकडाचं टोक) तुटायची भीती असते.

लाकूड ओळखताना

दुकानदाराच्या लेखी सगळंच "बर्मा टीक" असतं. बर्मा आहे की बल्लारशाहचा साग, हे फर्निचर झाल्यावर, पॉलिश चढल्यावर सांगणं कठीण; त्या नावाचे जादा पैसे देऊ नका. साग आहे की नाही एवढं मात्र कळायला हवं. न दिसणाऱ्या कडेवर दाभणाने हलकं खरवडा. आत सोनेरी-तपकिरी रंग, बोटाला किंचित तेलकटपणा आणि चामड्यासारखा वास आला तर साग. काळपट-जांभळी झाक, काळ्या रेघा आणि उचलताना जाणवणारा भार असेल तर शिसव. उत्तर हिंदुस्थानातून येणारं शीशम हे तिचं भावंड, पण वेगळं झाड. रंगाला फिकं आणि किमतीलाही हलकं. फणसाचं लाकूड पिवळं असतं आणि वर्षांनुवर्षं तांबूस होत जातं. कोकण-गोव्याकडच्या नगांत ते भेटतं आणि "साग" म्हणून खपतं. वाईट नाही, पण सागाचा भाव देऊ नये.

विनियर ओळखायला टेबलाची कडा बघा. वरची रेघ कडेवर आली की कापलेल्या टोकात उतरते का? उतरत नसेल, कडेला वेगळीच पट्टी असेल, तर वर पातळ पापुद्रा आणि आत काहीतरी दुसरं आहे. आत प्लाय असेल तर चालतं. आत दाबलेला भुसा असेल तर पावसाळ्यात फुगलेला भाग पुन्हा कधीच बसत नाही. वजनावरून याचा निकाल लागत नाही, कारण एमडीएफ (दाबलेल्या भुशाचीच फळी) घनफुटाला सुमारे २० किलो भरतं, म्हणजे सागाहूनही जड.

ओशिवऱ्याच्या बाजूला चित्रपट-मालिकांच्या सेटवरचा मालही फिरतो. हे नग दुरून राजवाड्यासारखे दिसतात. मागून बघितलंत की कच्च्या लाकडाचा सांगाडा, वर प्लाय आणि त्यावर ब्रशने काढलेल्या सागाच्या रेघा.

आता हिशेब. वखारीत जुन्या सागाचा घनफुटाचा दर आधी विचारून या. इंचांतली लांबी × रुंदी × जाडी करून १७२८ ने भागलं की घनफूट मिळतात. ४८ बाय ३० चं, १ इंच जाडीचं टेबलाचं फळ (वरची फळी) ०.८३ घनफूट. अडीच इंची, २९ इंच उंच चार पाय ०.४२. खालच्या चार पट्ट्या (दोन ४२ इंची, दोन २४ इंची, ४ इंच रुंद, १ इंच जाड) ०.३१. एकूण जेमतेम दीड घनफूट, आणि घनफुटाला साधारण १८ किलो धरले तर वजन २८ किलोच्या आसपास. हे झालं नुसत्या लाकडाचं मोल. मागितलेली किंमत त्याच्या जवळपास असेल तर कारागिरी फुकट मिळतेय. पाचपट असेल तर कारागिरी तेवढी आहे का, हे बघायला पुन्हा टेबलाखाली शिरा.

कीड, आणि कधी पाठ फिरवायची

वाळवीच्या मातीच्या नळ्या सगळ्यांना माहीत असतात. कोरड्या लाकडातली वाळवी मात्र नळ्या बांधत नाही. नगाखाली खसखशीसारखे टणक दाणे पडलेले दिसतात. भुंगेऱ्यांची भोकं १-२ मिलिमीटरची, गोल, आणि त्यातून मैद्यासारखी मऊ भुकटी गळते. भोक कडेने काळवंडलेलं, आत धूळ बसलेली आणि ठोकल्यावर काही गळत नसेल तर कीड बहुधा जुनी, मेलेली. ताजी फिकट भुकटी पडली तर जिवंत. सागाच्या गाभ्याला भुंगेरे सहसा तोंड लावत नाहीत. बाहेरचा पिवळट-पांढरा भाग, ज्याला सुतार सॅप म्हणतात, तो खातात. म्हणजे भोकं एका पट्टीपुरती असतील तर ती पट्टी बदलून नग वाचतो. भोकं पाय आणि सांध्यांत असतील, दाभण लोण्यात शिरल्यासारखं जात असेल, तर फुकटही घेऊ नका. ती कीड घरच्या चौकटींत शिरते.

पलंग आणि गादीच्या खुर्च्यांत ढेकूण. एटीएम कार्डाची कड सांध्याच्या फटीतून, स्क्रूच्या खाचेतून फिरवा. काळे ठिपके, फिकट टरफलं किंवा मिलिमीटरभर पांढरी अंडी निघाली तर तिथेच थांबा. ढेकूण कित्येक महिने उपाशी जगतो, तेव्हा "वर्षभर गोदामात पडून होता" हे काही आश्वासन नव्हे. जुनी गादी-उशी-स्पंज कधीच घरी आणू नये. सांगाडा घ्यायचा, गादी नवी भरून घ्यायची.

"जुनं" केलेलं नवं

झीज कुठे आहे ते बघा. खुर्चीच्या पुढच्या खालच्या दांडीवर पाय टेकतात, तिथे मधोमध खळगा हवा. हाताच्या टोकांवर गुळगुळीतपणा हवा. मागच्या दांडीवरही तेवढीच झीज असेल तर ती पॉलिश पेपरने केलेली आहे. किड्याची भोकं सगळी एकाच मापाची, सरळ आत जाणारी असतील तर ती ड्रिलची.

गोल टेबलासाठी एक हमखास कसोटी: लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडवं आकसतं. म्हणून सलग लाकडाचं जुनं गोल टेबल कधीच बिनचूक गोल राहत नाही. दोन्ही दिशांनी व्यास मोजा. आडवा व्यास काही मिलिमीटरनी कमी भरला तर चांगली खूण. पितळी म्हणवणाऱ्या कड्यांना चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड.

नक्षीत पांढरे तुकडे बसवलेले असतील आणि "हस्तिदंत आहे" असं कौतुकाने सांगितलं जात असेल तर नमस्कार करून पुढे व्हा. हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद आहे. परदेशात राहणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, आणि शिसव-शीशमची सगळी जात २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंध-यादीत आहे. पुण्यात घेतलेला शिसवी डेस्क न्यू जर्सीला धाडण्याआधी कागदपत्रांची चौकशी करा, नंतर नको.

काही ओळखीचे नग

इराणी हॉटेलांतून निघालेल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या: बैठकीच्या चौकटीची आतली बाजू बघा. थोनेट, कोहन, मुंडुस या खुर्च्या करणाऱ्या कंपन्यांपैकी एखादीचा छापा किंवा कागदी लेबलाचा तुकडा सापडू शकतो. नट-बोल्ट सैल असणं हा दोष नाही. पाठीच्या कमानीला वाकाच्या जागी आडवी चीर असेल तर मात्र नको, ती वाफेवर वाकवलेली कमान पुन्हा जुळत नाही. त्याच हॉटेलांतल्या टेबलांची संगमरवरी फळं उभी धरून न्यायची. आडवी नेली तर स्वतःच्याच वजनाने तडकतात.

वेताची खुर्ची: चौकटीला कडेने छोटी भोकं असतील तर हाताचं विणकाम, भोकांऐवजी खाच आणि खाचेत दाबलेली दोरीसारखी पट्टी असेल तर तयार जाळी. तयार जाळी बदलणं स्वस्त. हाताच्या विणकामाची मजुरी जास्त आणि विणणारे कमी. जाळी फाटली असेल तर हरकत नाही, पण भोकांभोवती चौकट उकलली असेल तर नवं विणकाम ताण धरणार नाही.

गोदरेजचं लोखंडी कपाट (कंपनी ही कपाटं १९२३ पासून करत आली आहे): आत रंग कसा आहे याला महत्त्व नाही. तळाच्या पत्र्यावर हाताने दाबा, करकरला तर गंज आरपार आहे. मूठ फिरवून दार उघडंच ठेवून बघा, वरच्या-खालच्या सळ्या पूर्ण बाहेर येतात का. लॉकरची किल्ली नसेल तर चावीवाल्याचा खर्च किमतीतून वजा मागा.

भाव

मनात आधी एकूण आकडा करा: नग + सुतार + पॉलिश + टेम्पो + हमाल. पॉलिशवाले चौरस फुटावर सांगतात, आणि कपाटाची आतली बाजू धरली की आकडा दुप्पट होतो, हे विसरलं जातं. समजा ६,००० सांगितले आणि वरचा खर्च ४,५०० दिसतोय. मग "कमी करा हो" म्हणत बसण्यापेक्षा दोष बोटाने दाखवा: ही पट्टी बदलावी लागेल, हे कुलूप नाही, हा पाय कुजलाय. नेमका दोष सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार वेगळं धरतो. दोन-तीन नग मिळून भाव मागितला तर जास्त सुटतं.

ठरलं की विसार देताना चिठ्ठीवर वर्णन लिहून घ्या, "कपाट १ नग" एवढंच नको: "सागवानी, दोन दारी, ७८ × ४२ × २२, आरसा धरून, किल्ल्या २." नगाच्या पाठीवर खडूने सही करा आणि तिचा फोटो काढा. गर्दीच्या दुकानात सारखे दिसणारे नग अदलाबदल होतात, दर वेळी मुद्दामच असं नाही.

आणताना आणि आणल्यावर

छोटा हत्ती टेम्पोचा हौदा साधारण ७ फूट लांब असतो. त्यात एक कपाट आणि चार खुर्च्या बसतात. आरसा, फळ्या, किल्ल्या वेगळ्या करा, दारं सुतळीने बांधा. टेबल उचलताना फळाला धरू नका, खालच्या चौकटीला धरा. सोसायटीत लिफ्ट सामानाला कोणत्या वेळी देतात, ते आदल्या दिवशी विचारा.

घरी आल्यावर नग लगेच खोलीत नको. बाल्कनीत किंवा पॅसेजमध्ये गडद कागदावर दोन आठवडे ठेवा. कागदावर ताजी भुकटी दिसली तर भोकांत तयार लाकूड-संरक्षक द्रव इंजेक्शनच्या सुईने सोडा, हातमोजे घालून, मुलांपासून लांब, आणि दोन आठवडे नव्याने मोजा.

घासायची घाई करू नका. आधी ब्रश, मग पिळून काढलेलं ओलं फडकं. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा टेका: पॉलिश चिकट होऊन बोळ्याला आलं तर ते लाखेचं. अशा पॉलिशला पुष्कळदा खरवडून काढावं लागत नाही, लाखेचाच नवा हात चढतो. पांढरे वर्तुळाकार डाग पॉलिशपुरते असतात आणि निघतात. काळे डाग म्हणजे लोखंड आणि पाणी लाकडात खोल उतरलंय. ते पॉलिशवाल्यावर सोपवा. नग जुन्या ऑइल पेंटचा असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९०) आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत किती शिसं आहे ते डोळ्यांना दिसत नाही. पाणी लावून घासा, मास्क घाला, चिखल कागदात गुंडाळून टाका.

पायांची खालची टोकं मात्र पहिल्याच आठवड्यात सांभाळा. नग आडवा करून प्रत्येक टोकाला पॉलिशचे तीन हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या, मग रबराच्या टिकल्या लावा, फेल्टच्या नकोत. फेल्ट ओल्या फरशीचं पाणी धरून ठेवतं.

आणि जुलैत ड्रॉवर अडकायला लागले तर सुताराला रंधा घेऊन बोलावू नका. दमट हवेने लाकूड फुगलंय, इतकंच. तेव्हा रंधलं तर मार्चमध्ये ड्रॉवर खुळखुळेल. धावपट्टीवर मेणबत्ती घासा आणि दिवाळीपर्यंत थांबा.